पाण्यात बुडणारा मासा

मासा पाण्यात बुडून मरतो असे कोणी सांगितले, तर आपण त्याला वेड्यात काढू. पोहण्यात पटाईत माणसाला आपण 'माशासारखा पोहतो' म्हणतो, आणि शाळेतल्या पुस्तकातही मासा पाण्याबाहेर काढला की मरतो एवढेच शिकवतात. पण मी स्वतः एक मासा पाण्यात बुडवून मारला आहे. मुद्दाम नव्हे, उलट त्याला सुख व्हावे म्हणून जिवापाड धडपड करताना. त्या गोष्टीला आता साठ वर्षांहून अधिक काळ लोटला. पण दिवाळीत अंगणात पणत्या लागल्या, नदीनाल्यांचे गढूळ पाणी निवळून त्यात आभाळ दिसू लागले, की तो मासा मला हटकून आठवतो.

१९६२ सालची गोष्ट. माझे वय नऊ वर्षांचे. वडील सरकारी कचेरीत कारकून होते आणि त्यांची बदली शहाद्यास झाली होती. आज शहादे नंदुरबार जिल्ह्यात आहे. पण तो जिल्हा १ जुलै १९९८ रोजी जन्माला आला. तेव्हा आमचा पत्ता धुळे जिल्ह्याचा असे आणि जुनी मंडळी अजून 'पश्चिम खानदेश' असेच म्हणत. गावाला लागून गोमाई नदी. उत्तरेस सातपुड्याची निळी भिंत. गोमाई त्याच डोंगरातून उतरते, शहाद्याच्या शेतांना वळसे घेते आणि प्रकाशे येथे तापीला मिळते.

आमच्याकडे पाणी भरायला एक वयस्कर भिल्ल गृहस्थ येत. आम्ही मुले त्यांना आबा म्हणत असू. खांद्यावर कावड, कमरेला पंचा आणि बोलणे अगदी मोजके. वैशाखातल्या एका दुपारी ते मला नदीकडे घेऊन गेले. पात्रात नदी अशी उरलीच नव्हती. इथे एक डबके, तिथे एक डबके. एका डबक्यात पाणी घोट्याएवढे आणि त्याखाली काळा, मऊ गाळ. आबांनी त्या गाळात कोपरापर्यंत हात घातला, क्षणभर डोळे मिटल्यासारखे केले आणि हात वर काढला. मुठीत वीतभर लांबीचा, काळपट तपकिरी, गुळगुळीत प्राणी वळवळत होता. अंगावर एक खवला नाही आणि तोंडाभोवती मांजरासारख्या आठ मिशा! "मागूर," आबा म्हणाले, आणि तो त्यांनी ओल्या गोणपाटात गुंडाळला.

बादलीतला पाहुणा

आमचे घर शाकाहारी. मासा शिजणे शक्यच नव्हते. पण पाळायला काय हरकत, असा मी हट्ट धरला. आईने कपाळाला हात लावला आणि धुण्याची एक जुनी बादली दिली. मी ती अर्धी भरून मासा आत सोडला. गोणपाटात तास-दीड तास राहूनही स्वारी टवटवीत होती!

रात्री न्हाणीघरातून थप्प असा आवाज आला. सकाळी पाहतो तो बादली रिकामी आणि पाहुणे मोरीपाशी, ओल्या फरशीवर. जिवंत! कल्ल्यांमागचे दोन पर हातांसारखे रोवीत, शेपटीला हिसके देत, ते हळूहळू पुढे सरकत होते. आईची किंकाळी शेजारपाजारी ऐकू गेली.

मी त्याला पुन्हा बादलीत टाकले आणि दिवसभर पाहत बसलो. दर थोड्या वेळाने तो सरळ वर येई, तोंड पाण्याबाहेर काढून काहीतरी गिळल्यासारखे करी आणि पुन्हा तळाशी जाई. मला वाटले, बिचाऱ्याला पाणी कमी पडते आहे. जीव घाबरा झाल्यावाचून मासा वर कशाला तोंड काढील? संध्याकाळी मी विहिरीचे ताजे पाणी ओतून बादली काठोकाठ भरली. पुन्हा उडी मारू नये म्हणून वर जेवणाचा पाट ठेवला, पाण्याला टेकेल असा; आणि पाटावर वरवंटा. 'आता तुला पाणीच पाणी,' असे त्याला सांगून झोपलो.

सकाळी पाट उचलला. मासा पोट वर करून तरंगत होता.

मी रडत रडत आबांना सारे सांगितले. त्यांनी काठोकाठ भरलेली बादली पाहिली, पाट पाहिला, वरवंटा पाहिला. रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "मासाले बी वारा लागस, बाळा." माशालाही वारा लागतो! नऊ वर्षांच्या मुलाला ते कोडेच वाटले. ते उलगडायला मला दहा वर्षे लागली.

कल्ल्यामागची झाडे

पुढे मी प्राणिशास्त्र शिकलो आणि आयुष्यभर तेच शिकवले. महाविद्यालयात पहिल्यांदा मागुराचे विच्छेदन करायचे होते तेव्हा माझा हात थोडा थरथरला. कल्ल्यावरचे झाकण कापून बाजूला केले, आणि कल्ल्यांच्या वरच्या पोकळीत मला दोन्ही बाजूंस लालसर, फांद्या फुटलेली, पोवळ्यासारखी इवली झाडे दिसली. आबांचा 'वारा' जिथे जात होता ती जागा हीच.

सामान्य मासा पाण्याबाहेर का मरतो? हवेत ऑक्सिजन नसतो म्हणून नव्हे. तिथे तर त्याची चंगळ असते. पण कल्ल्यांच्या नाजूक पाकळ्या पाण्याच्या आधाराने उलगडलेल्या राहतात. पाणी गेले की ओल्या केसांसारख्या त्या एकमेकींना चिकटतात आणि भरल्या ताटासमोर मासा उपाशी मरतो. मागुराच्या त्या झाडांना आतून कूर्चेचा आधार असतो. ती हवेतही ताठ उभी राहतात. त्यांच्यावरच्या पातळ त्वचेखाली रक्त खेळते आणि गिळलेल्या हवेतला ऑक्सिजन टिपून घेते. दुसऱ्या आणि चौथ्या कल्ल्याच्या कमानींपासून ती फुटलेली असतात. म्हणजे निसर्गाने नवीन इंद्रिय घडवलेच नाही. जुन्या घरालाच एक माळा चढवला! मागुराचा नातेवाईक शिंगी याची तऱ्हा आणखी निराळी. त्याच्या कल्ल्यांच्या पोकळीपासून हवेच्या दोन लांब पिशव्या पाठीच्या स्नायूंतून शेपटीच्या दिशेने गेलेल्या असतात. आपला ओळखीचा मरळ मासाही हवा घेणाऱ्यांपैकीच. या साऱ्या मंडळींचा अभ्यास भागलपूरच्या डॉ. ज्योतिस्वरूप दत्त मुन्शी यांनी जन्मभर केला आणि १९९२ साली ह्यूज या इंग्रज शास्त्रज्ञाच्या जोडीने भारतातील हवाश्वासी माशांवर एक मोठा ग्रंथ लिहिला.

एवढा खटाटोप कशासाठी? एक लिटर हवेत सुमारे २१० मिलिलिटर ऑक्सिजन असतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात एक लिटर स्वच्छ पाण्यात तो जेमतेम पाच-सहा मिलिलिटर विरघळतो. म्हणजे माझ्या त्या बादलीभर पाण्यात मिळून जेवढा ऑक्सिजन होता, तेवढा एका पेल्यातल्या हवेत मावला असता. आणि हे झाले स्वच्छ पाण्याचे. पाने कुजलेल्या, तापलेल्या डबक्यात तर तो नाहीसाच होतो. अशा पाण्यात कल्ल्यांवर विसंबून कसे भागावे? म्हणून मागूर वर येतो, हवेचा घोट घेतो आणि खाली जातो. पाण्यातला ऑक्सिजन संपला आणि वर यायची वाट बंद झाली, की तो गुदमरतो. मी त्याला पाणी दिले आणि त्याचा पेलाभर वारा काढून घेतला.

डबक्याचे बारा महिने

मागुराला वारा का लागतो हे पुस्तकात कळते. पण तो तसा का घडला हे कळायला नंदुरबारची भूमीच पाहायला हवी. तापी आणि नर्मदा या दोन मोठ्या नद्या सोडल्या, तर इथले बहुतेक प्रवाह चार महिन्यांचे. सातपुड्यावर पाऊस कोसळला की नाले फुफाटत येतात. दिवाळीला पाणी निवळते, धार बारीक होते. संक्रांतीनंतर ती तुटते. उरतात ते डोह, आणि डोह आटले की डबकी. या प्रत्येक पायरीवर मासे गळत जातात. आधी खळाळत्या पाण्याचे चपळ मासे जातात, मग रोहू-मृगळाची पिल्ले. शेवटच्या चिखलात तग धरतो तो मागूर, शिंगी आणि मरळ. पाणी फारच आटले तर मागूर ओल्या गाळात शिरून बसतो आणि अंगाची ओल राखीत पावसाची वाट पाहतो.

मग मृगाचा पाऊस येतो. नाला शेतात शिरतो, शेत नाल्यात उतरते. अशा रात्री मागूर स्थलांतर करतो. पोहत तर जातोच, पण मध्ये ओल्या गवताचा पट्टा आला तर आमच्या मोरीत केला तसा प्रवासही करतो. पुढच्या परांना टणक काटा असतो. तोच त्याची काठी आणि तोच त्याचे शस्त्र. तो काटा बोटात घुसला तर विषारी ठणका लागतो, हे नवख्या हाताला लगेच कळते.

नवापूरकडे पाऊस अधिक आणि भाताची खाचरेही आहेत. मागुराच्या संसाराला असली उथळ, गवताळ जागा लागते. काठाच्या मातीत, गवताच्या मुळांशी, तो लहानसा खळगा करतो. मादी तिथे मोहरीएवढी चिकट अंडी घालते. पुढचा सारा पहारा नराचा. पिल्ले बाहेर येऊन हिंडूफिरू लागेपर्यंत बाप दारातून हलत नाही. रात्री बाहेर पडून किडे, अळ्या, गांडुळे, कुजके-नासके जे मिळेल ते हे मासे खातात. त्या आठ मिशा म्हणजे त्यांची जीभ आणि हात दोन्ही. गढूळ अंधारात डोळ्यांचा उपयोग तो काय?

म्हणजे मागुराच्या संसाराला चार गोष्टी पुरतात: थोडे पाणी, खाली गाळ, मातीचा काठ आणि वर उघडे आभाळ. गरिबाचा मासा तो. बर्फ नव्हता तेव्हा ओल्या गोणपाटात तो बाजारापर्यंत जिवंत पोहोचे. बंगाल-बिहारात आजारातून उठलेल्या माणसाला आजही मागुराचा पातळ रस्सा देतात. बिहारने तर मागुराला राज्याचा मासा म्हणून मान दिला आहे. आपल्या महाराष्ट्राने २०२३ साली तो मान पापलेटला दिला. पापलेट देखणा, समुद्रातला सरदार, त्याबद्दल तक्रार नाही. पण डबक्यातल्या या मिशाळ गृहस्थाचे नावही आपल्या मुलांना ठाऊक नसावे याचे वाईट वाटते.

आणि नावाचीही एक गंमतच आहे. लिनियसने १७५८ साली या जातीच्या माशाला लॅटिनमध्ये जे नाव दिले त्यात ग्रीक बेडूक आहे. १८२२ साली फ्रान्सिस हॅमिल्टन याने गंगेच्या माशांवर ग्रंथ लिहिला, तेव्हा त्याने लोकांच्या तोंडचेच 'मागूर' हे नाव शास्त्रात घेतले. पुढच्या लोकांनी ते पुसून आपल्या माशाला लिनियसच्या माशातच जमा केले. मीही वर्गात तसेच शिकवीत आलो. २००८ साली शास्त्रज्ञांनी निवाडा केला की लिनियसचा मासा जावा बेटावरचा, भारतातला निराळा. आणि आपल्या माशाला त्याचे 'मागूर' नाव परत मिळाले. आबांनी पहिल्याच दिवशी जे सांगितले होते, तिथे शास्त्र फिरून फिरून येऊन पोहोचले!

नावाचा भाऊबंद

गेल्या वर्षी बऱ्याच काळानंतर त्या बाजूला गेलो होतो. एका आठवडे बाजारात प्लॅस्टिकच्या पिंपाभोवती गर्दी दिसली. आत काळे, मिशाळ, हातभर लांबीचे मासे एकमेकांवर रचल्यासारखे वळवळत होते. "मांगूर आहे, काका, एकदम ताजा!" विकणारा मुलगा म्हणाला. मी वाकून पाहिले. मिशा त्याच, चेहरा तोच; पण माझ्या ओळखीचा मासा नव्हे.

हा आफ्रिकेचा मागूर. मूळचा आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या पाण्यातला. थायलंडच्या वाटेने इकडे आला म्हणून लोक त्याला 'थाई मांगूर' म्हणतात. आपला मागूर फार तर हात-दीड हात वाढतो. हा दीड मीटरपर्यंत जातो. वाढ झपाट्याची, भूक अफाट आणि खाण्याला विधिनिषेध नाही. कत्तलखान्यातली घाण टाकूनही त्याला पोसतात. पुरात तळे फुटले की तो नदीत शिरतो आणि तिथले मासे, त्यांची पिल्ले, अंडी, सारे फस्त करतो. भारत सरकारने २००० साली त्याच्या पैदाशीवर बंदी घातली. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१८ साली त्याच्याविरुद्ध कडक आदेश दिले. महाराष्ट्रातही मत्स्यव्यवसाय विभागाने ठिकठिकाणी तळी रिकामी करून हे मासे नष्ट केले. तरी तो पिंपात आहेच. कारण साधे आहे. तो स्वस्त पडतो, आणि हवेवर जगत असल्याने कितीही घाण, कितीही दाटीच्या पाण्यात मरत नाही. मागूर कुळाला जगवणारा हा गुणच माणसाच्या लोभाच्या कामी आला.

यात दोष माशाचा नाही. १९६० च्या दशकात आपल्या मागुराचा जवळचा भाऊ थायलंडहून अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात शोभेसाठी नेला गेला. तिथे तो तळ्यांतून निसटला आणि पावसाळी रात्री रस्त्यांवरून चालताना दिसू लागला. तिथल्या मत्स्यपालकांना आपल्या तळ्यांना कुंपणे घालावी लागली. म्हणजे तिकडे आमचा भाऊ उपरा, इकडे त्यांचा. जो मासा आपल्या घरी सज्जन असतो, तो माणसाने उचलून परक्या घरात टाकला की दरोडेखोर ठरतो.

काठ हरवला

पण सारा दोष त्या पाहुण्याच्या माथी मारून चालणार नाही. शहाद्याला गोमाईच्या काठी गेलो. माझे ते डबके शोधणे वेडेपणाच होता. साठ वर्षांत नदीने कितीदा कूस बदलली असेल. पण तसे दुसरेही डबके चटकन दिसेना. सबंध प्रदेशाचेच पाणी बदलले आहे. उकाईचे धरण १९७२ साली पुरे झाले आणि तापीचे पाणी मागे नवापूर-नंदुरबारपर्यंत पसरले. त्या विशाल पाण्यात कटला-रोहू वाढतात, माणसांना रोजगार मिळतो, चांगलेच आहे. पण मागूर हा अथांग पाण्याचा मासा नव्हे, तो काठाचा मासा. आणि काठच नाहीसे होत चालले आहेत. नाले सरळ आणि खोल झाले, त्यांना सिमेंटचे बांध आले. शेततळ्यांत पाणी आहे. पण तळाशी प्लॅस्टिक, तेव्हा गाळ नाही आणि खळगा करायला मातीही नाही. शेतातली फवारणी पहिल्या पावसाबरोबर नेमकी त्याच्या विणीच्या जागी उतरते. कुठे कुठे डोहात ब्लीचिंग पावडर टाकून मासे मारण्याचे प्रकारही चालतात. त्यात मोठ्यांबरोबर पिल्लेही संपतात.

वैशाखातल्या उन्हाने जो मेला नाही, त्याला आपल्या टापटिपीने गाठले. आज आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या तांबड्या यादीत मागूर 'संकटग्रस्त' म्हणून नोंदला गेला आहे. शेततळ्याने शेतकऱ्याचे पीक वाचते, बांधाने गावाची तहान भागते, हे मी नाकारीत नाही. पण मला राहून राहून ती बादली आठवते. भले करायच्या हौशीने मी पाणी काठोकाठ भरले, वर पाट ठेवला, त्यावर वरवंटा ठेवला. आणि ज्याच्यासाठी हे सारे केले त्याला काय हवे हे मात्र विचारले नाही.

उपाय नाहीत असे नाही. मागुराचे बीज कृत्रिम रीतीने तयार करता येते. मात्र रोहू-कटल्याइतके ते सोपे नाही. मादीला संप्रेरकाची सुई देऊन तिची अंडी पिळून घेता येतात. नराचे बीज तसे निघत नाही, त्यासाठी बहुधा नराचा बळीच द्यावा लागतो. जो बाप अंड्यांच्या दारातून हलत नाही, त्याला असे अंड्यांसाठी मरावे लागते. त्यापेक्षा स्वस्त उपाय काठावर आहे. गावाने एखादा डोह राखावा, त्याचा एक काठ मातीचा आणि गवताचा ठेवावा, पावसाच्या पहिल्या महिन्यात तिथे जाळे टाकू नये. आणि आपण शहरी गिऱ्हाइकांनी पिंपातला हातभर काळा मासा स्वस्त मिळतो म्हणून पिशवीत घेण्यापूर्वी, तो कोण, कुठला, कशावर वाढला, हे विचारावे.

परतीच्या दिवशी नवापूरजवळ रंगावली नदीच्या बाजूला एका खाचराशी थांबलो. दिवाळी चार दिवसांवर आली होती. भात कापणीला आला होता आणि बांधालगतच्या चरीत गुडघाभर पाणी उरले होते. एक म्हातारी बांधावर गवत कापीत होती. "मावशी, इथे मागूर आहे का?" मी विचारले. तिने विळ्यानेच चरीकडे खूण केली. "गप बसा अन् बघा."

मी बसलो. पाच मिनिटे गेली, दहा गेली. मग काठच्या गवतापाशी पाणी हलले. एक काळे तोंड वर आले, मिशा क्षणभर आभाळाकडे वळल्या, हवेचा एक घोट घेतला गेला आणि ते तोंड खाली गेले. मागे दोन बुडबुडे राहिले, तेही फुटले.

एवढेच. पण मला बादलीवरचा पाट उचलल्यासारखे वाटले.